मधल्या आकाराची पाटी

दुकानातल्या माणसानं खोक्यातून पेन काढलं, शर्टाच्या बाहीला एकदा पुसलं आणि तिच्या नवऱ्याच्या हातात दिलं. ती त्या दोघांच्या मधे उभी होती. म्हणजे पेन तिच्या पोटासमोरून, पर्सच्या पट्ट्याला जवळजवळ घासून गेलं. आणि नवऱ्यानं ते घेतलं. यात काही घडलं असं दुकानात कुणालाच वाटलं नाही. शेजारच्या काउंटरवर एक बाई हेडफोन कानाला लावून बघत होती, छतातून गार हवा येत होती, आणि नवरा त्या झळझळीत स्क्रीनवर वाकून दोन डोंगर काढत होता. डोंगरांच्या मधे अर्धा सूर्य. खाली एक घर, घराला एकच खिडकी. "आहाहा," तो म्हणाला, "बघ गं, काय लोण्यासारखं चालतंय!" दुकानातला माणूस म्हणाला, "सर, तुमचा हात छान आहे." नवरा लाजल्यासारखं हसला. राग डोक्यात जातो असं लोक म्हणतात, तिचा आधी उजव्या मनगटात यायचा. तिथं एक शीर तट्ट व्हायची आणि बोटं आपोआप मिटायची. आताही ती मिटली, पण पर्सच्या पट्ट्यावर, त्यामुळे कुणाला दिसलं नाही.

तीस वर्षं ती रिटचिंग करत आली होती. विशी लागायच्या आधीच स्टुडिओत शिरली तेव्हा थोरल्या मालकांनी तिला एका उतरत्या खोक्यासमोर बसवलं होतं. खोक्यात दिवा, दिव्यावर दुधी काच, काचेवर निगेटिव्ह आणि हातात सुईसारखी टोकदार पेन्सिल. निगेटिव्हवर सगळं उलटं. माणसाचे केस पांढरे, दात काळे, आणि सुरकुती म्हणजे एक उजळ चीर. ती चीर पेन्सिलीनं भरायची, इतकी हलकी की पेन्सिल टेकली की नाही हे फक्त बोटांना कळावं. म्हणजे छापलेल्या फोटोत सुरकुती नाहीशी. थोरले मालक मागे उभे राहून म्हणायचे, "दाबू नकोस. तो चेहरा आहे, पोस्टाचं तिकीट नाही." मग संगणक आले आणि पाठोपाठ माऊस. माऊसनं डोळ्याखालचं काळं घालवणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं. दोन-अडीच वर्षं ती रोज रडकुंडीला यायची. आणि मग पाटी आली. पुस्तकाएवढी सपाट, काळी, कोरी. तिच्यावर काही दिसत नाही, काही उमटत नाही. पेन चालवायचं खाली पाटीवर आणि बघायचं समोर स्क्रीनवर. कागदोपत्री नाव ग्राफिक्स टॅब्लेट, पण स्टुडिओत सगळे पाटीच म्हणत. पहिला आठवडा आरशात बघून दुसऱ्याचा भांग पाडल्यासारखा गेला. नंतर कधीतरी हात आपला आपण चालायला लागला. डोळे वर, हात खाली, मधे कुणी नाही. आपला हात आपल्यालाही दिसत नाही आणि तरी तो बरोबर आपल्याला हवं तिथं जातो, यात तिला जे सुख व्हायचं त्याचं नाव तिनं कधी शोधलं नव्हतं. घरात असं एकही काम नव्हतं की जिथं तिचा हात कुणाच्या नजरेखाली नसे.

आणि काम तरी काय, तर आठ्या पुसणं. फोटो न्यायला आलेली माणसं काउंटरवर वाकून हळू आवाजात सांगत, "ही कपाळावरची आठी तेवढी काढाल का? उगीच रागावल्यासारखी दिसते." जवळजवळ प्रत्येक वेळी आठी बाईची असे आणि सांगणारा कुणीतरी दुसरा असे, नवरा, मुलगा नाहीतर सासरा. पुरुषांची आठी कुणी काढायला सांगत नसे, तिला रुबाब म्हणत. तीस वर्षांत तिनं किती बायकांचा राग पुसला असेल देव जाणे. भुवयांच्या मधली ती उभी रेघ, कधी एक, कधी दोन. शेजारची नितळ कातडी उचलायची, रेघेवर पसरायची, कडा मऊ करायच्या. गेला राग. बाई हसरी. कुठं जात असेल तो? पुसलेलं सगळं कुठंतरी साठतच असणार, असं तिला हल्ली वाटायला लागलं होतं, आणि ते कुठं साठतंय याचीही शंका यायला लागली होती.

म्हणूनच बहुतेक तिनं हातांची चित्रं काढायला सुरुवात केली. स्टुडिओच्या बाकावर फोटोसाठी थांबलेली माणसं तोंडं सावरत बसतात, हातांचं त्यांना भान नसतं. मांडीवर पडलेले, एकमेकांत अडकलेले, पर्सची चेन उघडझाक करणारे हात. हात सुधारून द्या असं आजवर एकाही गिऱ्हाइकानं म्हटलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ती आपल्या जागेवरून ते हात पाटीवर काढायची. स्टुडिओतला उंच फोटोग्राफर, ज्याला सगळे लंबू म्हणत, तो एकदा मागे थांबून म्हणाला, "बाई, हे कुणासाठी?" ती म्हणाली, "कुणासाठी म्हणजे?" तो म्हणाला, "नाही, तसंच विचारलं," आणि गेला. नवऱ्याला तिनं हे एकदा चहा पिताना सांगितलं. तो एकदम खूश झाला. "अगं मग घरी एक घेऊ ना तुला! वाढदिवस येतोय." तिला खरंच आनंद झाला होता. आज दुकानाच्या काचेच्या दारातून आत येताना तिचं पाऊल किती हलकं पडलं होतं ते आठवून आता तिला स्वतःचाही राग येत होता.

"कसं आहे सर," दुकानातला माणूस सांगत होता, "स्क्रीनवाली घेतलीत की जिथं बघाल तिथंच काढाल. कागदासारखं. बिनस्क्रीनची पाटी म्हणजे जरा जुनं झालं." नवरा मान डोलवत होता. जेवताना, दाढी करताना तो गेले किती दिवस या वस्तूंचे व्हिडिओ बघत होता. पेन किती दाब ओळखतं, तिरकं धरलं तर काय होतं, काच आणि चित्र यांच्यात किती फट राहते, सगळं त्याला तोंडपाठ. मिक्सर घेतानाही त्याचं असंच. ती बाजूच्या मांडणीकडे सरकली. तिथं बिनस्क्रीनच्या तीन पाट्या होत्या, लहान, मधली आणि मोठी. लहानीवर सगळा खेळ नुसत्या मनगटाचा, आणि मनगट तर तिचं आधीच गेलेलं. मोठीवर खांद्यापासून हात फिरवावा लागतो, तो कुंचल्यानं भिंती रंगवणाऱ्यांचा हात. मधली कोपरापासून चालते. तिनं मधलीवर पेन टेकवलं. पृष्ठभाग किंचित खरखरीत होता, बोरू कागदावर कुरकुरावा तसा बारीक आवाज येत होता. अगदी हळू, श्वास रोखून, तिनं एक तिरकी रेघ ओढली. वाईट पाटी भरभर रेघ ओढताना सापडत नाही, हळू ओढताना तिची रेघ थरथरते. ही थरथरली नाही. मग तिनं पेन टेकवलं न टेकवलं असं नेलं. समोरच्या स्क्रीनवर केसाएवढी करडी रेघ उमटली, जवळजवळ नाहीच अशी. तिच्या मानेवरून सरसरून काटा गेला. "हीच," ती म्हणाली.

"मॅडम, ती शिकाऊ लोकांसाठी असते," दुकानातला माणूस लांबूनच म्हणाला. आणि नवरा त्याला म्हणाला, तिला नव्हे, "तिला सवय आहे ना तसल्याची. सुटेल हळूहळू." जसं काही ती तंबाखू खात होती. "स्क्रीनवर मान वाकवून बसावं लागतं," ती म्हणाली. "हाताखाली चित्र झाकलं जातं. आणि काचेवर पेन घसरतं." "अगं, त्याला स्टँड येतो," नवरा म्हणाला. "काचेवर लावायला कागदासारखी फिल्म पण मिळते, मॅडम," दुकानातला माणूस म्हणाला. दोघांनी तिच्याकडे बघून एकदम स्मित केलं. अडाणी रोग्याकडे डॉक्टर आणि नातेवाईक बघतात तसं. "रोज किती तास वापर होईल, सर?" माणसानं विचारलं. "दिवसभर," नवरा म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून ही घरूनच काम करणार आहे."

तिला आधी वाटलं, तो दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय. "कोण?" तिनं विचारलं. नवऱ्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, हलका, उबदार, नेहमीचा. "बोलू ना आपण घरी." "कोण करणार आहे घरून काम?" "अगं, आईचं हे असं झालंय. कुणीतरी घरात हवंच ना. आणि तुझं मनगट पण दुखतं. मी बोललोय तुझ्या मालकांशी, त्यांची काही हरकत नाही. टेबल आईच्या खोलीत खिडकीशी बरोबर बसतं, मी माप घेतलंय. तुझं काम पण होईल आणि आईवर लक्षही राहील. छान उजेड आहे तिथं." प्रत्येक वाक्य त्यानं इतकं मऊ करून पुढे ठेवलं की बोट टेकवायला कडाच राहू नये. सासूबाईंनी न्हाणीघरात पडून मांडीचं हाड मोडून घेतल्याला काही आठवडे झाले होते. त्या वॉकर धरून खाटेपासून दारापर्यंत जायला लागल्या होत्या. दिवसा कोण, हा प्रश्न घरात उघड कुणी काढलाच नव्हता आणि तिला वाटत होतं की तो अजून उघडा आहे. आणि त्याचं उत्तर टेबलाचं माप घेऊन झालं होतं. केव्हा घेतलं असेल? ती स्टुडिओत असताना. सासूबाई झोपलेल्या, आणि हा खिडकीशी गुडघे टेकून, जिभेचं टोक बाहेर काढून, टेप लावतोय.

चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची. तू फक्त घरात, तेही सासूबाई समोर नसताना. "तू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज हेडफोनवाल्या बाईपर्यंत गेला, कारण बाईनं हेडफोन काढला. "तू माझ्या मालकांशी बोललास? माझी नोकरी तू सोडलीस?" "हळू. लोक बघतायत." "बघू देत." "मी तुझ्यासाठीच..." "तोंड मिट." दुकानातला माणूस अतिशय लक्षपूर्वक खोकं पुन्हा लावायला लागला. नवऱ्याचा चेहरा पडला. तो रागावला नाही, तो कधीच रागवत नसे. तो दुखावला. पंचवीसेक वर्षं ती त्या दुखावलेल्या चेहऱ्यासमोर माघार घेत आली होती. या वेळी मात्र तिचे पाय दाराकडे वळले आणि ती बाहेर पडली.

रस्त्यावर ऊन होतं. फुटपाथ खणून ठेवलेला, केबलची भेंडोळी, फळ्यांवरून चालायचं. ती इतक्या जोरात चालत होती की समोरून येणारे बाजूला होत होते, आणि तेही तिला बरं वाटत होतं. मुलगी झाली तेव्हा त्यानंच थोरल्या मालकांना जाऊन सांगितलं होतं की ही आता अर्धा दिवसच येईल. तिला दुपारी कळलं. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबनं तिला बोलावलं होतं, तेव्हा फोन त्यानं उचलला आणि "ती एवढ्या लांब नाही येणार हो" असं हसत हसत सांगून टाकलं. तिला रात्री जेवताना, चविष्ट गोष्ट सांगावी तसं सांगितलं. तिच्या पोटाचं ऑपरेशन कधी करायचं ते त्यानं ठरवलं, बेडरूमचा रंग त्यानं ठरवला. आणि रंग चांगला होता, हीच तर पंचाईत. त्यानं कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, ती आजारी असली तर रात्रभर पाय चेपत बसायचा. आत्या, मावश्या म्हणायच्या, नशीब काढलंस हो. तिच्या आईनं तर एकदा झापलंच होतं, "सोन्यासारखा नवरा मिळालाय आणि हिचं तोंड बघा, एरंडेल प्यायल्यासारखं." काय सांगणार? दुखणं दाखवायला जावं तर अंगावर कुठं ओरखडासुद्धा नाही. वाईट माणसावर रागवता येतं. चांगल्या माणसावर रागावलं की लोक रागावणाऱ्याकडे बघतात. आणि आपणही लोकांतलेच, आपणही स्वतःकडे तसंच बघतो. मग रात्री त्याच्या पानात जरा जास्त वाढतो. का, ते कळत नाही. शी! ती एका फळीवर थांबली. खाली खड्ड्यात एक कामगार कुदळ खांद्यावर घेऊन वर बघत होता. "पडाल, बाई," तो म्हणाला. "नाही पडत," ती इतकी जोरात म्हणाली की तो बिचारा दचकला.

स्टुडिओत धाकटे मालक काउंटरवर होते. थोरल्यांच्या मागे त्यांच्या खुर्चीत बसले तेव्हापासून ती त्यांना अहोजाहो करायची, नाहीतर त्यांचं नाक तिनं पुसलेलं होतं. तिला बघून ते उभे राहिले. हे उभं राहणंच तिला खटकलं. मग एकेक आठवायला लागलं. गेल्या आठवड्यात लंबूनं तिच्यासाठी मुद्दाम केक आणला होता. हिशेबाच्या बाई तिच्याकडे बघून उसासा टाकून म्हणाल्या होत्या, "तुमच्याशिवाय कसं वाटेल हो," आणि तिला वाटलं होतं, दोन दिवसांच्या रजेबद्दल बोलतायत. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. तिचा निरोपसमारंभ तिच्याच समोर चालला होता आणि ती केक खात होती.

"ताई, मला वाटलं तुमच्याच मनात आहे," धाकटे मालक म्हणाले. "भाऊजींचा फोन आला. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून म्हटलं तुम्हाला जड जात असेल."

"तीस वर्षं इथं मी बसते. फोन भाऊजींचा आला तर मला विचारायला तुम्हाला काय झालं होतं? हे काउंटर आणि माझी खुर्ची, मधे दहा पावलं पण नाहीत."

लंबू आतल्या खोलीत निघून गेला. धाकटे मालक काउंटरवरची स्टेपलर उघडझाक करत राहिले. मग त्यांनी ती ठेवून दिली. "खरं सांगू, ताई? काम राहिलं नाही. तुम्ही तासभर जो चेहरा करता तो आता सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये करतं. तुमच्यासारखा नाही करत, मला दिसतं ना. पण गिऱ्हाइकाला नाही दिसत. मी महिने न् महिने विचार करत होतो, तुम्हाला कसं सांगू. भाऊजींचा फोन आला आणि..." ते थांबले. "सुटल्यासारखं वाटलं मला."

म्हणजे इथंही. तिला वाटलं होतं ती इथं येईल, एका वाक्यात सगळं मोडून काढेल आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसेल. खुर्चीखालचीच जमीन केव्हाची सरकली होती आणि दोन चांगल्या पुरुषांनी आपापसात, तिला त्रास नको म्हणून, ती गोष्ट मिटवून टाकली होती. रागानं तिचे कान भणभणले. पण या रागात आणि मघाच्या रागात फरक होता. हा माणूस निदान तोंडावर बोलला होता, घाबरत का होईना. त्यामुळे त्याला उत्तर देता येत होतं.

"बरं केलंत सांगितलंत. हे मला सांगायचं होतं, भाऊजींना नाही," ती म्हणाली. "आता माझं ऐका. चेहरे तुमच्या सॉफ्टवेअरला द्या. आठ्या, मुरुमं, डोळ्याखालचं काळं, सगळं. मलाही कंटाळा आलाय. पण ते फाटलेले, ओले झालेले, वाळवी लागलेले फोटो येतात ना, अर्धं नाक नसलेले? मागच्या महिन्यात त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा आला होता. सॉफ्टवेअरनं काय केलं त्याचं?"

धाकटे मालक कसनुसे झाले. "त्यांच्या बायकोला दुसऱ्याच बाईचं नाक लावलं."

"मग ते सगळे माझे. आठवड्यातले चार दिवस."

"तीन, ताई. तेवढंच काम आहे."

तिनं मनात मोजून पाहिलं. खोटं नव्हतं. तीन म्हणजे तीन, चार नव्हे. हार होती, पण ती तिच्या तोंडून ठरलेली होती. "तीन," ती म्हणाली. "आणि यापुढे माझ्याबद्दल कुणाचाही फोन आला, तर तो मला द्यायचा."

घरी आली तेव्हा नवऱ्यानं ती स्क्रीनवाली घेऊन, जोडून, सासूबाईंच्या खोलीत टेबलावर ठेवलेलीसुद्धा होती. खिडकीशी. छान उजेडात. त्यानं मनात धरलं असणार की ती चिडून फिरून येईल, समोर वस्तू बघेल आणि विरघळेल. आजवर असंच होत आलं होतं, त्याचा तरी काय दोष. वायरी एकत्र करून त्यानं छोट्या चिमट्यानं टेबलाच्या पायाला बांधल्या होत्या. तो खाटेशी उभा होता. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या, वॉकर हाताशी. "बघ ना एकदा चालवून," तो म्हणाला. "मी काय घोडं मारलंय तुझं? सगळं तुझ्यासाठीच तर चाललंय."

"माझ्यासाठी तू काय काय केलंस ते मला पाठ आहे," ती म्हणाली. सासूबाईंसमोर तोंडून तू निघून गेलं. जाऊ दे. "आता माझ्यासाठी एकदा गप्प बस. मी नोकरी सोडलेली नाही. आठवड्यातले तीन दिवस मी जाणार. आणि उरलेल्या दिवसांत मी घरी असले, तरी ती माझी सुट्टी असेल, नोकरी नसेल. हे टेबल इथून हलव."

"मग आईकडे कोण बघणार?"

"तुझी आई आहे. मला काय विचारतोस?"

इतका वेळ सासूबाई या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी वॉकर उचलून फरशीवर आपटला. "आईकडे बघणार, आईकडे बघणार! आई इथंच बसलीय, बहिरी झालेली नाही. मला विचारलंस का रे, माझ्या खोलीत हे दुकान मांडताना?"

"आई, तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी काय माझ्यासाठी? दिवसभर ही माझ्याकडे पाठ करून बसणार, आणि मला लघवीला जायचं झालं की हिच्या कामाचा खोळंबा केल्याची चोरी. मला बाई हवी, पैसे घेणारी. तिच्यावर मला ओरडता तरी येईल. सुनेवर ओरडायची सोय राहिली आहे का या घरात? आणि तू गं," त्या तिच्याकडे वळल्या, "तू काय गड जिंकून आल्यासारखी उभी आहेस? नवऱ्याला अरेतुरे करतेस माझ्यादेखत. लाज वाटू दे." "नाही वाटत, आई," ती म्हणाली. सासूबाईंनी तिच्याकडे टक लावून बघितलं. त्यांच्या भुवयांच्या मधे दोन खोल उभ्या रेघा होत्या, आणि या बाईच्या कपाळावर त्या किती जुन्या आहेत हे आपण इतक्या वर्षांत कधी बघितलंच नाही, असं तिच्या मनात आलं. "चहा कोण टाकतंय?" सासूबाईंनी विचारलं. दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या. तो स्वयंपाकघरात गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा काढली. काढली म्हणजे काढावी लागली. तिनं स्क्रीनवाली खोक्यात भरली, वायरींचे चिमटे सोडवताना तिचं नख तुटलं, आणि खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरून ती एकटीच दुकानात गेली. बदलून मधल्या आकाराची बिनस्क्रीनची पाटी मागितली. दुकानातल्या माणसानं एकदा समजावून पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे बघून नाद सोडला. परत आली तेव्हा नवरा बाहेरच्या पायरीवर बसला होता. शर्ट एका बाजूनं ओला, केस विस्कटलेले. सकाळपासून सासूबाईंनी त्याला तीनदा अंघोळीचं पाणी बदलायला लावलं होतं आणि एकदा रडवलंही होतं, हे तिला नंतर कळलं. "हे रोज कसं जमायचं गं?" तो म्हणाला. "बाई शोध," ती म्हणाली. "दहा ठिकाणी फोन कर. फोन करण्यात तू पटाईत आहेस." तो हसला. हे हसू तिच्या ओळखीचं होतं, भांडण संपलं, ये आता, असं सांगणारं. तिच्याही ओठांपर्यंत उत्तर आलं होतं. तिनं ते तिथंच थांबवलं आणि त्याच्या बाजूनं आत गेली.

मुलगी लग्न होऊन गेल्यापासून तिच्या खोलीत इस्त्रीचे कपडे पडलेले असत. तिनं ते उचलून बाहेर सोफ्यावर टाकले, दार लावलं, मुलीच्या जुन्या टेबलावर संगणक मांडला आणि पाटी जोडली. मांडीवर घ्यावी की टेबलावर, याचा थोडा विचार केला. टेबलावर ठेवली, जराशी तिरकी, कोपराला बसेल अशी. काय काढायचं ते ठरलं नव्हतं. पेन टेकवलं आणि पहिलीच रेघ तिनं अशी दाबून ओढली की थोरले मालक असते तर ओरडले असते. समोर ती काळी, जाड, ओबडधोबड उमटली. तिनं ती पुसली नाही. तिच्या शेजारी दुसरी ओढली, तशीच. मग तिसरी, आडवी. मनगट दुखत होतं, कोपरापासून हात चालत होता, खरखर आवाज येत होता. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की या रेघा एका घट्ट मिटलेल्या मुठीच्या आहेत.

दारावर टकटक झाली. "आत येऊ?" नवऱ्यानं विचारलं. या घरात दारावर टकटक कुणी करत नसे, आणि तो तर नाहीच. तिला उत्तर द्यायची घाई नव्हती. तिनं अंगठ्याची रेघ शेवटपर्यंत नेली.

"नको," ती म्हणाली. "मी अजून रागावलेली आहे."

पलीकडे त्याची पावलं स्वयंपाकघराकडे गेली. फळीवरचं काहीतरी ओढल्याचा आवाज आला, पाठोपाठ एक मोठं भांडं खाली पडलं, झाकण फरशीवर गोल गोल फिरत राहिलं, सासूबाई खोलीतून ओरडल्या, "काय रे सांडलंस?" आणि ती उठली नाही.